वीस वर्षांच्या धाकाने घातलेले फाटक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाटा अडवल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत नेहमी येतात. त्या लिहिणारे अडलेले असतात. मी अडवणारा. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर गेल्या मार्चमध्ये मी फाटक बसवले आणि त्याला कुलूपही घातले.

वाट म्हणजे आमच्या परसातून, विहिरीला वळसा घालून जाणारी जेमतेम चार फुटांची पाऊलवाट. शेजारच्यांना रस्त्याला लागायला तीच जवळची. दुसरी वाट व्हाळावरून आहे, पण पावसात साकव पाण्याखाली जातो. वडिलांच्या काळापासून लोक येत-जात होते, कोणी कोणाला विचारले नव्हते. मग शेजारच्या मुलाने चारचाकी घेतली आणि चिऱ्यांचा गडगा दोन हात मागे घ्याल का, असे विचारले. ही गोष्ट पुण्यात माझ्या मुलाच्या कानावर गेली. त्याचा फोन आला, ‘‘बाबा, वीस वर्षं चालू दिलं की वाट हातची जाते. आधी बंद करा.’’

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी दुधाची बरणी घेऊन साकवावरून फिरून आल्या. एरवी ‘‘मास्तर, चहा झाला?’’ विचारणारी बाई खाली बघून गेली. शिक्षकी गेली तरी कायदा वाचायची खोड जात नाही. तो आणून वाचला.

वहिवाटीच्या हक्कांचा हा कायदा 1882 चा, गोव्यात मुक्तीनंतर लागू झालेला. त्यातली वीस वर्षे खरी आहेत, पण ती उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून चालणाऱ्याची. परवानगीने चालणाऱ्याला कितीही वर्षे झाली तरी तसा हक्क मिळत नाही. शिवाय पायी जायच्या हक्कात गाडी नेण्याचा हक्क येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे गाडीच्या भीतीने माणसांची वाट बंद करायचे मला काही कारणच नव्हते!

घोळ पुराव्याचा आहे. माझ्या वडिलांनी ‘‘जावा रे’’ म्हटले होते, की शेजारचे आजोबा आपल्या हक्काने जात होते? सांगायला दोघांपैकी कोणी उरलेले नाही. एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीत, मालकाचे नाव आहे, कुळाचा रकाना आहे, पण ही वाट नाही. घरवाटपात आम्ही भावांनी माडसुद्धा मोजून वाटून घेतले. वाटेबद्दल मात्र कोणी एक ओळ लिहिली नाही.

म्हणून ज्यांच्या जागेतून दुसऱ्याची वाट जाते त्यांना सांगावेसे वाटते, की कुलूप आणण्याआधी कागद आणा. आम्ही दोन्ही घरांनी बसून लिहिले: वाट चार फूट, पायी, मालकाच्या परवानगीने, दुचाकी ढकलत न्यावी, फाटक असेल, कुलूप नसेल. वकिलाने तो वाचून दोन शब्द बदलले. परवानगी मालक मागे घेऊ शकतो, हे त्याने शेजाऱ्यांना माझ्यासमोरच सांगितले. ते बरे झाले. तरीही त्यांनी सही केली, पण वहिनींनी एक ओळ वाढवून घेतली. चवथीला गणपती आणताना आणि पोचवताना फाटक बिजागरीतून काढून ठेवायचे, कारण पाटासकट मूर्ती त्यातून जात नाही.

यंदा ते मीच काढून ठेवले.

— एक निवृत्त शिक्षक, डिचोली