दुधाची पिशवी, ऋचाचं आयबी आणि मंदारचा मुहूर्त

ब्रॅम्प्टन, 8 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर नुसतं "हो हो, सगळं छान" होतं आणि ठेवल्यावर आठवतं की मुख्य बोलायचं राहिलंच, म्हणून लिहायला बसले. आम्ही तिघं मजेत. थंडी बाहेर असते, घरात नसते. आई, कानटोपी घालते, खरंच.

बाबा, "ऋचाला साधी बारावी सोडून हे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) कशाला" असं तुम्ही दोनदा विचारलंत. साधं सोडत नाहीये हो. ओंटारियोचा नेहमीचा डिप्लोमा, 30 क्रेडिट आणि 40 तास समाजसेवा, तो तिला मिळणारच, आयबी त्याच्यावर. सहा विषय, त्यातले तीन हायर लेव्हलचे, म्हणजे जास्त खोल अभ्यासाचे, प्रत्येकाला 7 पैकी मार्क म्हणजे 42, आणि मोठा निबंध नि थिअरी ऑफ नॉलेज मिळून 3, असे 45. पास व्हायला 24 तरी लागतात. शिवाय दीड वर्ष खेळ, कला, सेवा काहीतरी करून त्याची नोंद ठेवायची. आणि उद्या तिकडे शिकायचं म्हणाली तरी दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज हे बारावीच्या बरोबरीचं मानते, तेव्हा पोरीला वाऱ्यावर सोडलेलं नाही.

गोंधळ माझा आहे. इथल्या युनिव्हर्सिट्या बारावीचे बेस्ट सहा विषय बघतात, मग सोपं घेऊन 95 आणावेत की अवघड घेऊन रात्री जागाव्यात? हायर लेव्हलला चांगले मार्क आले तर बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाचे काही विषय माफ होतात, पण तेवढ्यासाठी? कॉलेज रोडच्या क्लासला पहाटे सनी मोपेडवरून कुडकुडत जाताना मी ठरवलं होतं की माझ्या पोरीला हे नाही करायचं. (बाबा, टोमणा नाहीये हा.)

शेवटी तिनेच कागद घेतला, मधे रेघ मारली, एका बाजूला सहा-सात फायदे आणि दुसऱ्या बाजूला फक्त "झोप", खाली दोन जाड रेघा. तरी हो म्हणतेय. कारण ऐका, तो निबंध 4000 शब्दांचा असतो आणि तिला गोदावरीच्या पुरांवर लिहायचंय, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं यावरून अख्खं नाशिक पूर कसा मोजतं ते. शुक्रवारी फॉर्म द्यायचाय, मी अजून सही केलेली नाही.

आई, दूध पिते ती. पण इथलं दूध म्हणजे ऐक. चार लिटरची मोठी पिशवी, तिच्यात तीन छोट्या पिशव्या. म्हणशील त्यात काय, आपल्याकडेही पिशवीच. पण ही पिशवी फोडून पातेल्यात नाही ओतायची, ती तशीच प्लास्टिकच्या जगमधे उभी करायची, वरचा कोपरा कात्रीने कापायचा, आणि जगसकट फ्रीजमधे, तोंड उघडंच! ओतताना पिशवी आडवी झाली की सगळं ओट्यावर. आणि तापवायचं नाही. तापवतच नाहीत कुणी, त्यामुळे साय नाही, विरजण नाही, घरचं तूप नाही. मी पहिलं वर्षभर तापवलं, मग कंटाळले. रिकामी पिशवी मात्र अजून धुऊन वाळत घालते, हे हसतात.

आता मंदारच्या लग्नाचं. 17 मेला अधिक महिना लागतो म्हणून मुलीकडच्यांना त्याआधी हवंय हे कळलं, पण ऋचाची शाळा जूनअखेर सुटते आणि अधिक 15 जूनला संपतो, तर जूनअखेरचा मुहूर्त निघतो का गुरुजींना विचाराल? पाऊस असेल माहितीय, बंद हॉल घ्या, वरचे पैसे मी देते. नाहीच जमलं तर मी एकटी आठ दिवस येईन, करवली नसेल एवढंच. जावयाच्या अनारशांचं मनाला लावून घेऊ नकोस आई, कुरिअरने तर अजिबात पाठवू नकोस.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे सोमवारी टाकते. आयबीच्या फीचं कारण सांगून परत पाठवू नका, शाळा सरकारी आहे, झेपतंय आम्हाला. 2027 च्या ऑगस्टमधे सिंहस्थाला सगळे येतो, म्हणजे निबंधासाठी तिला यावंच लागेल, या वेळी रद्द नाही होणार.

बाबा, मोतीबिंदूची तारीख लांबवू नका. आणि ऑपरेशन झालं की 1969 च्या पुराचं तुम्हाला आठवतंय तेवढं वहीत लिहून ठेवा, कुठल्या गल्लीत किती पायऱ्या पाण्याखाली होत्या तेसुद्धा. ती विचारतेय.

तुमची,
वैशू