हातची नोकरी सोडून पुन्हा शिक्षण कशाला?

नंदुरबार

ती. आई आणि ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दोन वर्षं अजून शिकून होणार तर नर्सच ना?" तेवढ्यात रेंज गेली. गेली नसती तरी हे फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. काकांनाही वाचून दाखवा. प्रश्न तुमच्या तोंडून आला, पण तो त्यांचाच वाटला.

होय, नर्सच होणार. एम.एस्सी. म्हणजे अर्धा डॉक्टर नव्हे, आणि मला ते व्हायचंही नाही.

बी.एस्सी.च्या चार वर्षांत समोर आलेल्या पेशंटचं काय करायचं ते शिकले. जळगावच्या नोकरीत हात बसला. तीही वाया गेली नाही, कारण एम.एस्सी.ला बसायला पदवीनंतर वर्षभराचा अनुभव लागतोच. इथे शाखा निवडावी लागते: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरुग्ण, मानसिक आरोग्य किंवा कम्युनिटी, म्हणजे वस्तीवर, घराघरांत जाऊन करायचं आरोग्याचं काम. मैत्रिणी म्हणाल्या, मेडिकल-सर्जिकल घे, परदेशी जाता येईल. मी कम्युनिटी घेतली.

का, ते एका पोरावरून सांगते. धडगावकडचा मुलगा, सिकलसेलचा. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. वॉर्डात आम्ही सलाइन लावायचो, वेदनाशामक द्यायचो, ऑक्सिजन बघायचो. पोर हसत घरी जायचं आणि पुन्हा तसंच कळवळत यायचं. फाईलमध्ये दर वेळी एकच शेरा: गोळ्या नियमित घेत नाही. त्या का घेत नाही, याला फाईलमध्ये रकानाच नव्हता. पाड्यावर गेल्यावर कळलं. घर ऊसतोडीला गुजरातेत जातं. या आजारावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यावी लागते, मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि फडात तर प्यायचं पाणीही लांब. पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं.

आप्पा, केळीवर हरण्या रोग आला तेव्हा तुम्ही नुसतं ते झाड उपटून थांबला नव्हतात. रोपं कुठून आली, बांधावर काय लावलंय, मावा कुठून येतोय, सगळं बघत फिरला होतात. मी तेच शिकतेय, माणसांच्या बाबतीत.

आता प्रबंधाचं. आमच्याकडे बहुतेक प्रबंध एका साच्यातले: आधी प्रश्नावली, मग तासभर माहिती द्यायची, पुन्हा तीच प्रश्नावली, आणि ज्ञान वाढलं असं जाहीर करायचं. तासाभरापूर्वी सांगितलेलं कोणाला आठवणार नाही? माझा विषय आहे, स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांच्या गोळ्या कुठे आणि का तुटतात. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी काढली, प्रश्न तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तिथल्या पावरी बोलीत करून घेतले, आधी थोड्या घरांत चाचपून पाहिले. संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा घ्यायचा. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

नर्सला गणित कशाला, असं आई म्हणते. आई, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना माहीत असतो. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून सरकारला दाखवलं होतं. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या रुग्णालयांवर एक मोठा अभ्यास छापून आला. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं, तर शस्त्रक्रियेनंतर पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. तो बी.एस्सी.च्या पातळीचा हिशेब आहे, एम.एस्सी.चा नाही. पण नर्सच्या शिक्षणाचा पेशंटच्या जिवाशी संबंध असतो, एवढं काकांना सांगायला पुरे.

बाकी विषय म्हणजे शिकवायचं कसं आणि वॉर्ड चालवायचा कसा. ड्युटी लावण्यावरून होणारी भांडणं पुस्तकात नाहीत, ती आधीच शिकून झालीत.

पगाराचं मात्र गोड बोलणार नाही. अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेली नर्स प्रॅक्टिशनर तपासते, औषधंही लिहून देते. आपल्याकडे अतिदक्षतेसाठी तसा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण शिकलेल्याइतका अधिकार हातात येत नाही. वॉर्डात एम.एस्सी.ला वेगळी जागाच क्वचित असते, म्हणून माझ्या बहुतेक सीनियर कॉलेजात शिकवायला गेल्या. मला हे चुकीचं वाटतं. जास्त शिकली की पेशंटपासून लांब, ही कुठली रीत? काका म्हणतात ती उपकेंद्रावरची सीएचओची, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, नोकरी वाईट नाही, जाहिरात आली तर अर्ज करेन. पण शिकवायला लागले तरी इकडेच, आणि विद्यार्थिनींना घेऊन पाड्यांवर जाता येईल अशाच ठिकाणी. सिकलसेल २०४७ पर्यंत संपवायचं अभियान केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलंय. तपासणीची कार्डं वाटली जातात. पण आई-बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोष मुलांत उतरवू शकत असतील, तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, हे लग्नाआधी घरात बसून समजावणारं माणूस लागतं.

लग्नावरून आठवलं. साकळीच्या स्थळाला सांगा, प्रबंध जमा होईपर्यंत बघायला येऊ नका. नंतर आले तर मुलाला विचारा, बायको पाड्यावर मुक्कामाला गेलेली चालेल का.

फीचा शेवटचा हप्ता मी साठवलेल्या पगारातून भरलाय. केळीच्या पैशातून ठिबकच्या नळ्या बदलून घ्या. आई, बीपीची गोळी चक्कर आली तरच घेतेस, हे वहिनीने सांगितलं मला. ती रोज घ्यायची असते, बरं वाटत असलं तरी. आणि आप्पा, ऊन उतरल्याशिवाय बागेत जाऊ नका.

तुमची,
ताई