पहाटेच्या पाळीला निघालेल्या लेकीस

गावभाग, सांगली

चि. छकुली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला सकाळचं बातमीपत्र मिळालं हे काल आईनं फोन ठेवल्या ठेवल्या अख्ख्या वाड्याला सांगितलं. तुझा आवाज मात्र मला पडलेला वाटला. रात्रीच्या चर्चेच्या कार्यक्रमावर तुझा जीव होता, मला ठाऊक आहे. ‘पहाटे तीनला उठायचं, आणि त्या वेळी बघतंय कोण अण्णा?’ असं तू म्हणालीस. तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

ताईच्या बाळंतपणाला आम्ही मँचेस्टरला गेलो, तो २०१५-१६ चा हिवाळा. तिकडे सकाळी आठपर्यंत अंधार. आई शेगडीपाशी, ताई दमलेली, जावई कामावर निघायच्या घाईत, आणि मी बाळाला मांडीवर घेऊन बीबीसीचं ‘ब्रेकफास्ट’ लावायचो. सहाला सुरू व्हायचं, सव्वानऊपर्यंत चालायचं. त्या घरात ते बघत असं कुणीच नव्हतं. जावई दाढी करता करता ऐकायचे. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असायचं, शिवाय निवेदक मधूनमधून वेळ तोंडानं सांगायचे, कारण ऐकणाऱ्याचं तोंड आरशाकडे असतं हे त्यांना पक्कं माहीत. अर्ध्या तासानं ठळक बातम्या पुन्हा, मग मँचेस्टर भागातल्या. हवामान सांगणाऱ्या कॅरल कर्कवूड आल्या की जावई दारातच थांबायचे, आणि मग छत्री घ्यायची की नाही ते ठरवायचे.

मला त्याचं नवल वाटलं म्हणून मी मागची माहिती काढली. १७ जानेवारी १९८३ ला ‘ब्रेकफास्ट टाइम’ या नावानं हे सुरू झालं. फ्रँक बॉ आणि सेलिना स्कॉट हे पहिले निवेदक. टेबलामागे कोट-टाय घालून बसायचं सोडून फ्रँक बॉ स्वेटर घालून सोफ्यावर बसले. सकाळी लोकांच्या घरात शिरायचं तर घरातल्यासारखं शिरावं, हा त्यातला विचार मला फार पटला. पुढे नावं बदलली, माणसं बदलली, २०१२ मध्ये कार्यक्रम लंडनहून सॅलफर्डला हलला. सोफासुद्धा मधली काही वर्षं जाऊन तिथं टेबल आलं होतं, पण तो परत आला. ताईकडून ट्रामनं जाऊन मी ती इमारत बाहेरून पाहून आलो होतो.

आणि बिल टर्नबुल. २००१ पासून पंधरा वर्षं त्या सोफ्यावर. आम्ही तिथं असतानाच, २६ फेब्रुवारी २०१६ ला, त्यांचा शेवटचा दिवस झाला. निरोप घेताना ते बोलत होते आणि ताईचे डोळे भरून आले. मी विचारलं, ‘तुझा कोण गं तो?’ ती म्हणाली, ‘अण्णा, इथं नवीन आले तेव्हा सकाळी घरात दुसरं कुणी बोलणारं नव्हतं.’ ही गोष्ट तिनं आम्हाला फोनवर कधी सांगितली नव्हती.

२०१८ मध्ये टर्नबुल यांनी आपल्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. स्टीफन फ्राय या नटानंही तेव्हाच आपलं दुखणं सांगितलं होतं. त्यानंतर तिकडचे पुरुष तपासणीला रांगा लावू लागले. त्या वर्षी एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत मूत्रमार्गाशी संबंधित कर्करोगांवर उपचार घेणारे आदल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढले, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं त्याचं श्रेय या दोघांना दिलं. पंधरा वर्षं सकाळी ज्यानं बातम्या खऱ्या सांगितल्या, त्याचं हे बोलणंही लोकांनी ऐकलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते गेले. तुम्हा पोरींना सांगितलं नव्हतं, पण ताईनं त्यांची बातमी कळवली त्याच आठवड्यात मीही मिरजेला जाऊन रक्त तपासून आलो. रात्री उठावं लागायचं, वर्षभर अंगावर काढत होतो. काही निघालं नाही. पण निघालं असतं तर ते वेळेत निघालं असतं.

आता आपल्याकडचं. तू लहान असताना रेडिओवर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सात-पाचला लागायच्या, आणि सुधा नरवणे यांचा आवाज आला की तुझी वेणी घालून झालेली असायची. नाहीतर शाळेला उशीर. आठवतंय?

ऑगस्ट २०१९ चा महापूर मात्र तू विसरू नकोस. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटाला धोक्याची पातळी, आणि कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत सकाळी उठून सांगलीकराला दोनच आकडे हवे असतात : पुलाजवळ पाणी किती, आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलंय. एका वाहिनीवर सकाळी सांगितलं, पाणी ओसरू लागलं. आईनं आणि मी माळ्यावरची धान्याची पोती खाली घेतली. दुपारी पुलावर जाऊन आलेली पोरं म्हणाली, कुठलं ओसरतंय, चढतंय. गहू भिजला, तांदूळ भिजला. त्या निवेदिकेनं कुणाचं वाईट चिंतलं नसणार. हातात आलेला कागद तिनं वाचला, एक फोन करून खात्री केली नाही, इतकंच. रात्री चुकीचं ऐकलं तर माणूस चिडून झोपतो. सकाळी चुकीचं ऐकलं तर तो त्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडतो.

म्हणून आकडा आला की थांब. कितीही घाई असो, दोनदा विचार. गावांची नावं नीट म्हण. कवठेमहांकाळ आणि कवठेएकंद यांत गोंधळ झाला तर इथं कुणी माफ करत नाही. पाणी, एसटी, परीक्षा, बाजारभाव यांतलं काही असेल तर ते पुन्हा सांग, दहा मिनिटांपूर्वी सांगितलं असलं तरी. तेव्हा ऐकणारा न्हाणीघरात होता.

झोपेचं सांभाळ. रात्री नऊला फोन बंद करत जा, आम्ही दुपारी बोलू. एसटीच्या पार्सलनं भडंग पाठवतोय.

सोमवारी तुझं पहिलं बातमीपत्र. टीव्ही पुढच्या खोलीत आहे आणि त्या वेळी आईची भाकरी तव्यावर असते, तिला तिथून पडदा दिसत नाही. तिनं मला आजच बजावलंय, आवाज मोठा ठेवा.

तुझे,
अण्णा