वसतिगृहात संध्याकाळी साडेपाचलाच जेवण का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी एक फोटो असतोच, कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर कुणाची कुठेतरी अध्यक्ष म्हणून निवड झालेली, आणि त्यानिमित्त मतिमंद मुलांच्या वसतिगृहात फळं, ब्लँकेट, वह्या वाटल्या. वाटणाऱ्यांवर माझा राग नाही, देतात ते चांगलंच करतात. पण फोटो जरा नीट बघा, त्यातले निम्मे तरी चाळिशीच्या पुढचे असतात, दाढी पांढरी झालेली, ते वह्या घेऊन काय करणार? माझा धाकटा भाऊ अशाच एका ठिकाणी राहतो, आई गेल्यावर ठेवावं लागलं, म्हणून हे लिहायलोय. ठिकाणाचं नाव देत नाही. एक तर ते सगळ्यात वाईट मुळीच नाही, आणि नाव छापून आलं तर त्याचा त्रास शेवटी भावालाच होणार हे त्याच्या घरच्यांना बरोबर कळतं.

गणपतीला त्याला घरी आणलं की तो संध्याकाळी साडेपाचला स्वयंपाकघरात ताट घेऊन बसतो. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं भूक लागली असेल, मग कळलं की तिकडे जेवण साडेपाचलाच असतं, कारण स्वयंपाकवाल्या बाईंना शेवटची बस गाठायची असते आणि भांडी व्हायला पाहिजेत. म्हणजे साडेपाच ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या नाश्त्यापर्यंत पोटात काही नाही, आणि त्याच्या तर फिटच्या गोळ्या चालू आहेत. कुणी मारत नाही, कुणी शिव्या देत नाही, पण चाळीस वर्षांच्या माणसाचा दिवस बस किती वाजताची आहे त्यावर ठरतो. मला वाटतं क्वालिटी क्वालिटी म्हणतात ती इथे बघायला पाहिजे, जेवण कधी, अंगावरचे कपडे स्वतःचे की कपाटातून जे हाताला लागेल ते, महिन्यातून एकदा तरी गेटच्या बाहेर पडतो का, दात कुणी बघितलेत का, आणि रात्री पंचवीस माणसांमागे जागा असलेला माणूस किती. टाइल्स बसवल्या, सोलर बसवला हे सगळं नंतर.

दुसरी गोष्ट भाषेची. बेळगावचा सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर मी इथे काही बोलत नाही, तो विषय वेगळा. पण भावाकडे मुळात शब्दच थोडे, आणि जे आहेत ते सगळे आमच्या वडगावातल्या घरातले. त्याला पोटात दुखलं की तो 'दुखतंय' म्हणत नाही, चहा नको म्हणतो. बस, एवढंच. आईला कळायचं, आम्हाला कळतं. तिथे नवीन आलेल्या पोराने ते हट्ट म्हणून धरलं, चहा नाही घेत तर नको घेऊ दे, आणि मग संडासला होत नाही हे कळेपर्यंत पोट फुगून दवाखान्यात ॲडमिट करायची वेळ आली. डॉक्टरांनी सांगितलं की अशा माणसांमध्ये हे नेहमीचं आहे, गोळ्यांनी, कमी हालचालीने, पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ होतं आणि सांगता येत नाही म्हणून जिवावर बेततं. आणि हे कन्नड-मराठीचं भांडण नाही बरं का. त्याच्याआधी तिथे एक कन्नड अक्का होत्या, त्यांना मराठी जेमतेम यायचं, पण त्यांना त्याचं सगळं कळायचं, चहा नको म्हटलं की त्या आधी पोटावर हात ठेवून बघायच्या. त्या गेल्या, कारण गारमेंटमध्ये पगार जास्त मिळतो. त्यांना काय बोलणार? त्यांना जे माहीत होतं ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यांच्याबरोबर तेही गेलं.

माझी भाची इंग्लंडमध्ये अशाच लोकांच्या एका घरात कामाला आहे, पाच जण राहतात. तिच्याकडून एक कळलं की तिथे प्रत्येकाचा एक 'हॉस्पिटल पासपोर्ट' असतो, म्हणजे दोन-चार पानांचा कागद, हा माणूस दुखलं तर कसं दाखवतो, गोळी कशाबरोबर घेतो, कशाला घाबरतो, कुणाला फोन करायचा. आणि दुसरं म्हणजे तिथलं सरकारी तपासणी खातं प्रत्येक होमचा रिपोर्ट इंटरनेटवर टाकतं, चार ग्रेडमध्ये, कुणीही घरी बसून वाचावं. तिथे सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू म्हणून खासगी हॉस्पिटल होतं, तिथे अशा मोठ्या माणसांना कर्मचारी मारायचे, छळायचे, एका सीनियर नर्सने त्याच तपासणी खात्याला कळवलं होतं तरी कुणी हललं नाही, शेवटी 2011 ला बीबीसीने लपवलेल्या कॅमेऱ्याने दाखवलं तेव्हा बंद झालं आणि पुढच्या वर्षी अकरा जणांना शिक्षा झाली, त्यातले सहा जेलमध्ये गेले. आपल्याकडे पनवेलजवळच्या कळंबोलीचं मतिमंद मुलींच्या आश्रमातलं प्रकरणही 2011 लाच बाहेर आलं. म्हणजे नुसतं तपासणी खातं असून भागत नाही, तपासलेलं लोकांना दिसायला पाहिजे आणि आतल्या माणसाने सांगितलेलं कुणीतरी ऐकायला पाहिजे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, 2017 च्या एप्रिलपासून लागू. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. छळ होतोय असं वाटलं तर कलम 7 खाली कुणीही एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटला, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांना कळवू शकतो. कलम 5 तर म्हणतं की दिव्यांग माणसाला अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येत नाही, हे वाचून मला हसू आलं, दुसरं ठिकाण आहे कुठे? फुकट शिक्षणाचा हक्क 18 वर्षांपर्यंत, पुढे घर नाहीतर हे. एका तपासणीच्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होतो. रजिस्टर बघितली, किचन बघितलं, चहा-बिस्किटं झाली, फोटो झाले, राहणाऱ्या एकालाही कुणी 'काय रे, बरा आहेस का' विचारलं नाही. त्या तपासणीत काय लिहिलं ते आम्हा घरच्यांना आजपर्यंत माहीत नाही.

आणखी एक, हे खूप घरांत माहीतच नसतं म्हणून लिहितो. मुलगा 18 चा झाला की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 चा आहे, बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग अशांसाठी, त्याखाली जिल्ह्यात डीसी साहेबांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, तिथे अर्ज करून पालक म्हणून नेमणूक घ्यायची. त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. पेन्शन, बँक, आईवडिलांच्या माघारी मिळणारं काहीही, सगळीकडे हा पालकाचा कागद विचारतात. गावाकडे पंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे दिव्यांगांसाठी काम करणारे गावपातळीवरचे कार्यकर्ते असतात, त्यांना विचारा, खानापूर-निपाणीकडच्या लोकांनी तर बेळगावला चकरा मारण्याआधी जरूर विचारा.

मागणी दोनच आहेत. प्रत्येक वसतिगृहाचा तपासणी रिपोर्ट गेटवर कन्नड आणि मराठीत लावा आणि जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाका, त्यात जेवणाची वेळ आणि रात्रीच्या माणसांची संख्या असलीच पाहिजे. आणि तपासायला येणाऱ्यांबरोबर एक तरी घरचा माणूस घ्या, त्याच वसतिगृहातला नको, दुसऱ्या ठिकाणचा, म्हणजे भीड नाही. पगाराचंही बघायला पाहिजे, अक्कासारखी बाई गारमेंटपेक्षा कमी पगारात टिकणार नाही हे सांगायला तज्ज्ञ कशाला. डिसेंबरमध्ये अधिवेशनासाठी अख्खं सरकार सुवर्ण विधानसौधमध्ये आपल्या दारात येतं, आपल्या आमदारांपैकी एकाने जरी हा प्रश्न लेखी टाकला तर उत्तर रेकॉर्डवर येईल. आणि संपादक साहेब, आपले वार्ताहर तिथे जातातच, तर एकदा न सांगता संध्याकाळी साडेसातला जाऊन बघा म्हणावं.

तोपर्यंत तो हॉस्पिटल पासपोर्टसारखा कागद तरी आपला आपण करता येतो, त्याला सरकार लागत नाही. मी भावाचा केलाय, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कन्नड बाजू शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तपासून दिली. वरच्या ओळीलाच लिहिलंय, चहा नको म्हणाला तर पोट बघा. कोरा नमुना पाहिजे असेल त्यांनी आपल्या कार्यालयातून माझा नंबर घ्यावा, पेपरात मात्र माझं नाव छापू नका.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव