काकांच्या गोळ्यांबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय विनू,

पत्र मिळालं. काका रात्रभर कळा सोसतात आणि मॉर्फिनचं नाव काढलं की ‘सवय लागेल’ म्हणून तोंड फिरवतात! आईच्या वेळी आमच्या मामानंही हाच हेका धरला होता. अरे, कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी बेतून दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून सांगतेय, की वेदनाशामक घड्याळ लावून द्यायचं, कळ उठायची वाट बघायची नाही. मॉर्फिनसोबत रेचक मात्र पहिल्या दिवसापासून हवं. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ पाठ सोडत नाही.

मला धास्ती आहे ती बाकीच्या गोळ्यांची. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल सर्जनचं, नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम मानसोपचारतज्ज्ञांचं, झोपेची अल्प्राझोलाम तुमच्या फॅमिली डॉक्टरांची. तिघांना एकमेकांचं ठाऊक आहे का? पहिल्या दोन एकत्र आल्या की कधी कधी सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन फार वाढतं. मग थरथर, घाम, ताप, बरळणं, झटकेसुद्धा. अल्प्राझोलाम आणि मॉर्फिन मिळून श्वास मंदावू शकतो. पण म्हणून स्वतःच्या मनानं काही बंद करू नकोस, एस्सिटालोप्राम आणि अल्प्राझोलाम तर एकदम तोडायच्याच नसतात. आजच डॉक्टरांना फोन लाव. आणि काका हाका मारूनही जागे होईनात, श्वास अगदी संथ वाटला, तर फोनात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठ.

आईसाठी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळं मांडलं होतं: गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कुणी दिली. काढा आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली कॉम्बिफ्लॅमही त्यातच. तिच्यात पॅरासिटामॉल असतं, ते दुसऱ्या गोळीतूनही पोटात जात असेल तर लिव्हरवर बेततं. आयब्युप्रोफेनही असतं, ते किडनीला जड. आणि किडनी थकलेली असली की मॉर्फिन अंगात साचतं. सर्दीच्या गोळ्याही लिही बरं का, त्या कुणी औषधात धरतच नाही.

वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारं, १९९७ पासूनचं. तिथं पैसे घेत नाहीत आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. काकांना आणण्याआधी फाइल घेऊन तू एकटा ये. सगळ्या स्ट्रिप्स, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून आण. स्वारगेटला उतरलास की फोन कर, मी गाडी घेऊन येतो. जेवायला घरीच.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद