डिचोलीच्या मावशींना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय मावशी,

तुमचं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. माझ्यासारख्या आणखी कितीतरी जणी गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत घटस्फोटाबद्दल कुणाला विचारावं या विवंचनेत असतील. हे पत्र त्यांच्याही हाती पडावं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा घरचे, शेजारचे, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं सांगून झालं होतं. कुणी म्हणे सहन कर, कुणी म्हणे उद्याच नोटीस पाठव. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. ‘रडूं नाका गो, आदीं कागद दाखय,’ एवढंच. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर ती! लग्नाचा दाखला चष्म्याजवळ नेऊन तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, ‘लग्नाआधी नोटरीसमोर काही करार केला होता?’ नव्हता केला. ‘मग अर्धं तुझं आहे,’ असं तुम्ही सहज बोलून गेलात.

साखळी गावातला फ्लॅट ह्यांच्या नावावर, म्हणजे माझा काही संबंध नाही, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की तुमचं ते वाक्य दोनदा विचारून घेतलं. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता लग्नानंतर सामाईक होते, आधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, आणि घर विकायचं तर दोघांच्याही सह्या लागतात, हे तुम्ही समजावलंत. संसारासाठी काढलेलं कर्जही त्याच हिशेबात येतं, हेही लपवलं नाहीत. ते ऐकायला जड गेलं, पण आधीच कळलं म्हणून बरं झालं.

पुण्याचा मामेभाऊ जिवापाड धडपडत होता. तो फोनवर सांगायचा ते हिंदू विवाह कायद्याचं: कलम १३-बी, म्हणजे सहमतीचा घटस्फोट, त्याची सहा महिन्यांची मुदत. मोबाईलवर मराठीत जे काही सापडतं तेही सगळं तेच. १९५५ चा तो कायदा गोव्यात लागूच नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा चालतो. गोवा मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं हे दोन्ही तसेच पुढे चालू ठेवले. सहमतीनं वेगळं व्हायचं तर लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, दोघांचीही पंचविशी पुरी हवी. आधी तात्पुरता आदेश, मग वर्षभराची वाट, आणि त्यानंतरच कायमचा. एकाचीच तयारी असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं: मारहाण, तीन वर्षं घर टाकून जाणं वगैरे. जुगाराचं जडलेलं व्यसनही त्यात आहे. मटक्यानं आमच्या घराचं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्जात ते लिहावं लागलं नाही, ह्यांनी सहमती दिली, पण तशी वेळ आली असती तर कायदा माझ्या बाजूला होता या एका माहितीनं मला बळ दिलं.

वकील शोधण्याचं तुम्ही जे शिकवलंत ते तर मी प्रत्येकीला सांगते. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे नाव कोर्टात जाणाऱ्या-येणाऱ्यांकडूनच कळतं. भेटल्यावर पहिल्यांदा विचारायचं, ‘दावा कोणत्या कायद्याखाली घालणार?’ जो गोव्याचा कायदा न चाचरता सांगेल त्याच्याकडेच पुढे बसायचं. फी टप्प्याटप्प्यानं किती, पावती मिळणार का, कोर्टात उभे तुम्ही राहणार की ज्युनियर? वकालतनामा, म्हणजे वकिलाला आपल्या वतीनं उभं राहायचा अधिकार देणारा कागद, वाचल्याशिवाय सही नाही. एका वकिलानं फी म्हणून माझ्या वाट्यातले टक्के मागितले. असं ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही हे तुम्ही सांगून ठेवलं होतं, म्हणून मी तिथून उठले. एरवी मान डोलावून आले असते.

आणि पैशांची सोय नाही म्हणून अडून बसू नये, हे तुमचं सांगणं. बाईमाणसाला तिची मिळकत कितीही असो, कायदा सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे तसा. माझ्या वकीलबाई तालुक्याच्या कोर्टातल्या त्याच कचेरीतून मिळाल्या. फुकटातलं काम म्हणून त्यांनी एकही तारीख हलक्यानं घेतली नाही. फुकट कायदेशीर मदतीचा १५१०० हा फोन नंबर तुम्ही माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होतात, तो मी शाळेतल्या दोघींना दिला आहे.

लेकीचं काय, ही माझी मोठी धास्ती. ती कुणाकडे राहील हे पैशांवर ठरत नाही, कोर्ट मुलाचं भलं बघतं, म्हणून तिची शाळा, तिचा बालरथ (शाळेची बस), आजीचं घर हे सगळं करारात नीट लिहून घे, असं तुम्ही बजावलंत. तसंच लिहिलं. बापाकडे रविवारी जाते. भांडण तिच्या कानावर जाऊ न देण्याबद्दल तुम्ही ह्यांनाही चार शब्द सुनावलेत, आणि त्यांनी ते ऐकले. त्याचे आभार वेगळे.

तात्पुरत्या आदेशानंतरचं वर्ष आता सरत आलंय. कायमचा आदेश मिळाला की त्याची प्रत घेऊन सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं, लग्नाच्या नोंदीवर शेरा मारून घ्यायचा, त्याशिवाय काम पुरं होत नाही, हे लक्षात आहे. फ्लॅटच्या वाटणीचं वकीलबाई बघतायत. शेरा मारलेला दाखला हातात पडला की पहिल्यांदा तुमच्याकडेच आणते. नीट वाचून बघा.

तुमची,
सत्तरीची शाळामास्तरीण