पाणी वाढायच्या दिवसांत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आल्यापासून तुम्ही रात्री उठून मोबाइलवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत बसता, असं आई सांगत होती. पाणी अजून २० फुटांच्याही खाली आहे. तरी "काळजी करू नका" असं मी म्हणणार नाही. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी शिरलं, आईचा लग्नातला शालू चिखलात गेला. भिंती नीट वाळल्या न वाळल्या तोच २०२१ चा पूर. एवढं सोसल्यावर पावसाची झड लागली की छातीत धडधडणारच.

म्हणून एक आत्ताच ठरवून टाकू. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. आपण एवढं थांबायचंच नाही. ३० फूट झाले की मिरजेला मावशीकडे निघायचं. पातळीवर लक्ष मी ठेवते, वाढली तर मध्यरात्री का होईना, फोन करीन. ते काम आता माझं.

तुमच्याकडून मला हवाय तो श्वास. झोपण्यापूर्वी खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसा, पावलं जमिनीला टेकलेली. चार मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडा. मध्ये रोखायचा नाही. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. असं केलं की ते सहाच्या आसपास येतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, ती उच्छ्वासाच्या वेळी जास्त काम करते आणि हृदयाला सबुरीनं घ्यायला लावते. म्हणून सोडायचा श्वास लांब ठेवायचा. मनाला कितीही बजावलं तरी ते ऐकत नाही, पण श्वास आपल्या हातात असतो. पाच मिनिटं पुरेत. मध्यरात्री जाग आली तर मोबाइलला हात लावायच्या आधी हेच करा, अंथरुणावर बसूनसुद्धा चालतं.

आई, तुझ्यासाठी भ्रामरी. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न लावता, श्वास सोडताना म्‌ऽऽ असा गुंजारव करायचा. कपाळात, गालांत थरथर जाणवते. पूजेनंतर पाच-सहा वेळा केलंस तरी खूप. गुडघ्यांमुळे वज्रासन तुला झेपायचं नाही, आणि त्याची गरजही नाही. शवासनात गुडघ्यांखाली उशी घे.

बाबा, बागेतल्या मंडळींबरोबर कपालभाती आणि भस्त्रिका मात्र नको. तुम्हाला बीपी आहे, जोराचे झटके आणि श्वास कोंडणं तुमच्यासाठी नाही. त्यांचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा. गोळीही चालूच ठेवायची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. चक्कर आली किंवा धाप लागली तर लगेच थांबायचं.

तुम्हाला हे नवं फॅड वाटेल म्हणून आठवण करून देते. आपलं मूळ गाव आटपाडी, म्हणजे तेव्हाचं औंध संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले. आजोबा त्याच शाळेत शिकले, म्हणून तर ते म्हातारपणीही पहाटे अंगणात नमस्कार घालायचे. पुढे वाकणं जमेनासं झालं तेव्हा ते नुसते उन्हात बसून दीर्घ श्वास घ्यायचे. मला त्यांचं ते बसणं आवडायचं. तुम्हीही तेवढंच करा, नमस्कार राहू देत.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. घराची कागदपत्रं, बँकेची पासबुकं आणि दोघांची औषधं काढून ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या मी आणते. आपण मिळून सगळं भरून माळ्यावर ठेवू, आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर श्वास मोजायला मीही बसेन.

तुमची,
लेक